नेट गेलं की ॲप काय करतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकण रेल्वेवर रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा सुमारे साडेसहा किलोमीटरचा आहे. गाडी त्यात शिरली की डब्यातल्या प्रत्येक फोनवर वेगळंच नाटक सुरू होतं. कुणाचा मेसेज घड्याळावर अडकतो, कुणाचं गाणं बिनधास्त चालू राहतं, कुणाच्या स्क्रीनवर नुसतं गोल चक्र फिरत बसतं. नेट सगळ्यांचंच गेलेलं असतं. ॲप बनवणाऱ्याने या वेळेचा विचार आधी केला होता की नाही, एवढाच काय तो फरक. ॲप वापरणारे लोक याबद्दल जे प्रश्न सतत विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

नेट नाही हे ॲपला कळतं तरी कसं?

खात्रीने कळत नाही. वायफाय जोडलेलं आहे किंवा मोबाइल डेटा चालू आहे, एवढंच फोनची सिस्टीम ॲपला सांगू शकते. पलीकडचा रस्ता मोकळा आहे का, हे काहीतरी पाठवून पाहिल्याशिवाय समजत नाही. अँड्रॉइड फोन वायफायला जोडला की तो गूगलच्या सर्व्हरकडे एक छोटीशी विनंती पाठवतो आणि रिकाम्या उत्तराची वाट पाहतो. रिकामं उत्तर आलं म्हणजे नेट आहे. भलतंच पान हाती आलं तर मध्ये कुणीतरी लॉगिन मागतंय हे तो ओळखतो आणि तुम्हाला साइन इन करायला सांगतो. रेल्वे स्टेशनच्या मोफत वायफायवर ओटीपी टाकेपर्यंत जे चालतं ते हेच. उत्तरच आलं नाही तर वायफायच्या खुणेजवळ उद्गारचिन्ह दिसतं.

म्हणून चांगलं ॲप 'नेट आहे का' हे आधी विचारत बसत नाही. सरळ पाठवून बघतं, आणि नाही गेलं तर पुढे काय करायचं हे त्याचं ठरलेलं असतं.

टॉवर फुल दिसतो, तरी काहीच उघडत नाही. असं का?

त्या दांड्या फक्त टॉवरचा आवाज तुमच्या फोनपर्यंत किती मोठ्याने पोचतोय ते दाखवतात. टॉवरवर तुमच्यासाठी जागा आहे का, टॉवरमागची केबल शाबूत आहे का, याचा त्यांना पत्ता नसतो. आषाढीला पंढरपुरात टॉवर अगदी समोर उभा असतो, पण त्याची क्षमता आजूबाजूच्या हजारो फोनांत वाटली जाते आणि तुमच्या वाट्याला थेंबभर येते. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली तर दांड्या भरलेल्या आणि नेट शून्य, हा प्रकार तर गावोगावी ओळखीचा आहे.

ॲपच्या दृष्टीने हे अर्धवट नेट पूर्ण गेलेल्या नेटपेक्षा वाईट. नेट पूर्ण गेलं की फोनकडून लगेच 'नाही' असं उत्तर मिळतं आणि ॲप साठवलेलं दाखवू शकतं. अर्धवट नेटमध्ये विनंती निघते, उत्तर येत नाही, आणि ॲप ताटकळत राहतं. किती वेळ थांबायचं हे प्रत्येक ॲपचं वेगळं असतं, आणि बरेचदा ते कुणी विचारपूर्वक ठरवलेलंच नसतं. अशा वेळी एअरप्लेन मोड चालू करून बंद करा. उपाय खुळचट वाटतो, पण त्याने अडकलेल्या विनंत्या तुटतात आणि फोन टॉवरशी नव्याने जोडला जातो. साठवलेलं काही वाचायचं असेल तर एअरप्लेन मोड तसाच चालू ठेवा. ॲप वाट बघणं सोडून देईल.

व्हॉट्सॲपवरचं घड्याळ आणि टिक यांचा नेमका अर्थ काय?

घड्याळ म्हणजे मेसेज अजून तुमच्याच फोनमध्ये आहे. एक टिक म्हणजे तो सर्व्हरवर गेला, दोन म्हणजे समोरच्याच्या फोनवर उतरला, निळ्या म्हणजे त्याने वाचला. समोरचा फोन बंद असेल तर सर्व्हर मेसेज ३० दिवसांपर्यंत सांभाळतो, नंतर काढून टाकतो.

मला विचाराल तर फोनवरची ही सगळ्यात प्रामाणिक खूण आहे. तुमची गोष्ट आत्ता कुठे आहे (फोनमध्ये, वाटेत, की पोचली) हे सांगणं प्रत्येक ॲपचं कर्तव्य असायला हवं. प्रत्यक्षात कित्येक ॲपांत 'यशस्वी' असा एकच हिरवा शिक्का असतो आणि तो यातल्या कोणत्या टप्प्याचा, हे देवालाच ठाऊक.

घड्याळ दिसत असताना मेसेज डिलीट केला, तर तो जाणार नाही ना?

बहुतेक वेळा जात नाही. पण पैज लावू नका. मेसेज सर्व्हरवर पोचला आणि त्याची पोचपावती परत येताना नेट गेलं, तरीही तुमच्या फोनवर घड्याळच दिसत राहतं.

यूपीआयने पैसे कापले गेले, दुकानदाराला मिळाले नाहीत, आणि ॲप 'प्रलंबित' म्हणतंय. असं लटकवून का ठेवतात?

कारण त्या क्षणी ॲपला खरोखरच माहीत नसतं, आणि माहीत नसताना अंदाज न करणं हाच त्याचा शहाणपणा आहे.

वडापावच्या गाडीवर तुम्ही ४० रुपये पाठवले असं धरा. विनंती तुमच्या ॲपकडून एनपीसीआयकडे, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेकडे जाते, तिथून तुमच्या बँकेकडे. पैसे वजा होतात, दुकानदाराच्या बँकेत जमा होतात, आणि मग उत्तर उलट्या वाटेने तुमच्या फोनकडे निघतं. आता नेट नेमकं त्या शेवटच्या टप्प्यात गेलं. तुमच्या फोनला दिसतं एवढंच, की विनंती गेली आणि उत्तर आलं नाही. पण विनंती वाटेतच हरवली असती तरी फोनला अगदी हेच दिसलं असतं. दोन्हींत फरक करायला फोनकडे काही साधनच नाही. संगणकशास्त्रात हा पेच 'दोन सेनापतींचा प्रश्न' म्हणून ओळखला जातो. तो १९७५ साली मांडला गेला आणि १९७८ मध्ये जिम ग्रे यांनी त्याला हे नाव दिलं. दोन टेकड्यांवरच्या दोन सेनापतींना एकाच वेळी हल्ला करायचा आहे, पण मधल्या दरीतून जाणारा दूत पकडला जाऊ शकतो. कितीही वेळा पोचपावतीची पोचपावती पाठवली तरी शेवटचा दूत पोचला की नाही ही शंका उरतेच. निरोप हरवू शकणाऱ्या वाटेवर दोघांची शंभर टक्के खात्री होणं अशक्य आहे, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे.

मग ॲप काय म्हणणार? 'अयशस्वी' म्हटलं तर तुम्ही पुन्हा पैसे पाठवाल आणि कदाचित दोनदा जातील. 'यशस्वी' म्हटलं तर गाडीवाला बुडू शकतो. म्हणून 'प्रलंबित'.

यात लोकांचा घात कुठे होतो ते नीट बघा. प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक असतो. त्याच क्रमांकाची स्थिती ॲपने पुन्हा विचारली तर पैसे दुसऱ्यांदा कापले जात नाहीत. पण तुम्ही वैतागून मागे गेलात आणि क्यूआर पुन्हा स्कॅन केला, की नवा क्रमांक तयार होतो. यंत्रणेच्या लेखी तो दुसरा वडापाव. तेव्हा आधी व्यवहारांच्या यादीत जाऊन स्थिती बघा. दुकानदाराकडे साउंडबॉक्स असेल तर त्याचं ऐका. त्याचं सिमकार्ड वेगळं असतं, त्यामुळे तुमचं नेट गेलं म्हणून तो गप्प राहत नाही.

पैसे खरंच मध्ये अडकले तर रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९चा नियम लक्षात ठेवा. व्यक्तीला पाठवलेले पैसे जमा झाले नाहीत तर दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि दुकानदाराला दिलेल्या पैशांची खात्री झाली नाही तर पाच दिवसांत, ते आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे.

मग नेट नसताना पैसे देताच येत नाहीत का?

येतात. *९९# डायल केलं की मेनू येतो. त्याला डेटा लागत नाही, फक्त कॉल लागेल एवढी रेंज पुरते. एका वेळी ५,००० रुपयांची मर्यादा आहे. मेनू म्हातारा आहे, पण चालतो. मार्च २०२२ पासून साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे आहे, त्यात कॉल करूनही पैसे पाठवता येतात. यूपीआय लाइटबद्दल मात्र गैरसमज आहे. त्यात छोट्या रकमेला पिन लागत नाही आणि दर वेळी बँकेच्या मुख्य सर्व्हरला त्रास द्यावा लागत नाही, म्हणून तो कमी अडकतो. पण नेहमीच्या वापरात नेट लागतंच. नेटशिवाय फोनला फोन टेकवून पैसे देण्याची सोय 'लाइट एक्स' नावाने सप्टेंबर २०२३ मध्ये आली. त्यासाठी दोन्ही फोनांत एनएफसी (अगदी जवळच्या फोनशी बिनतारी बोलायची सोय) हवं.

शेतात रेंज नसते. ई-पीक पाहणीची नोंद तिथे केली तर ती कुठे जाते?

आधी फोनमध्येच. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या, सातबाऱ्यावर पीक नोंदवायच्या या सरकारी ॲपमध्ये पिकाचा फोटो बांधावर उभं राहूनच काढावा लागतो, कारण फोटोसोबत ठिकाण नोंदलं जातं. ठिकाण उपग्रहावरून कळतं, त्याला नेट लागत नाही. पण नोंद सर्व्हरवर पाठवायला नेट हवंच. म्हणून शिवारात नोंद साठवायची आणि रेंजमध्ये आल्यावर 'अपलोड' करायची, अशी सोय ठेवलेली आहे.

गावात याचं काय होतं ते पाहण्यासारखं आहे. एकाच फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, त्यामुळे आळीतला एखादा पोरगा काका-मामांची सगळी पिकं आपल्या फोनवर नोंदवतो. शिवारात रेंज नाही. नोंद 'झाली' असं सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. घरी आल्यावर फोनची मेमरी भरली म्हणून पोरगा ॲप काढून टाकतो, किंवा अपलोड करायचंच विसरतो. आठ जणांच्या नोंदी एका झटक्यात जातात, आणि सातबाऱ्यावर पीक नाही हे नुकसानभरपाईच्या वेळी कळतं. यात पोरग्याचा दोष थोडा. 'साठवलं' आणि 'पोचलं' यांत फरक आहे हे त्याला कुणी ठळक अक्षरात दाखवलंच नव्हतं. अशा ॲपने पहिल्याच पडद्यावर 'आठ नोंदी अजून पाठवायच्या आहेत' असं लाल अक्षरांत ओरडायला हवं.

'कॅशे साफ करा' आणि 'डेटा साफ करा' यांत फरक काय?

कॅशे म्हणजे सर्व्हरवरून आणलेली नक्कल. ती पुसली तर पुन्हा येते. डेटा म्हणजे ॲपचा स्वतःचा साठा, आणि न पाठवलेल्या नोंदी सहसा यातच असतात. तो पुसला की गेलं. लॉगआउट केल्यावरही बरीच ॲपं हा साठा पुसतात. 'ॲप चालत नाही' म्हटल्यावर मदत केंद्रातला माणूस पहिला सल्ला नेमका डेटा साफ करण्याचाच देतो. तो मानण्याआधी काही पाठवायचं बाकी आहे का, ते बघा.

दोघांनी नेट नसताना एकच नोंद बदलली, तर कुणाची खरी धरतात?

बहुतेक ॲपं सोपा मार्ग घेतात. ज्याची नोंद शेवटी पोचली, त्याची खरी. दुसऱ्याची निमूटपणे नाहीशी होते, आणि कुणाला पत्ताही लागत नाही. सोसायटीच्या मेंटेनन्सच्या यादीत सेक्रेटरींनी एका घराचे पैसे टिकमार्क केले, खजिनदारांनी त्याच घराचा फोन नंबर बदलला, आणि ॲपने अख्खी ओळच बदलली, तर टिकमार्क गायब. पुढच्या सभेत कोण कोणावर ओरडतं ते सांगायला नको.

याहून बरी पद्धत म्हणजे निकाल न लिहिता कृती लिहायची. दुकानात १० पाकिटं आहेत, दोन काउंटरवर दोन फोन, दोन्ही नेटशिवाय. एकाने २ विकली आणि 'साठा ८' लिहिलं. दुसऱ्याने ३ विकली आणि 'साठा ७' लिहिलं. नेट आल्यावर साठा ८ किंवा ७ दिसणार, दोन्ही चूक. त्याऐवजी 'दोन गेली', 'तीन गेली' असं लिहिलं तर कुठल्याही क्रमाने पोचलं तरी ५ च उरतात. हिशेबाच्या चोपडीत पूर्वीपासून हेच करतात. नोंद खोडत नाहीत, खाली नवी ओळ लिहितात.

या विचाराला २०११ च्या सुमारास 'सीआरडीटी' नावाने पक्कं गणिती रूप मिळालं. माहितीची रचनाच अशी करायची की नोंदी कोणत्याही क्रमाने, कितीही वेळा आल्या तरी सगळ्या फोनांवर शेवटी एकच चित्र उभं राहील. एकत्र लिहिण्याच्या आणि चित्रं काढण्याच्या काही ॲपांत ही पद्धत वापरतात. पण ती रामबाण नाही. शेवटची एकच खुर्ची दोन एजंटांनी नेटशिवाय विकली, तर कोणतंही गणित दुसरी खुर्ची निर्माण करत नाही. अशा गोष्टी नेटशिवाय विकूच देऊ नयेत.

आधी कुणी बदललं हे वेळेवरून ठरवता येत नाही का?

फोनच्या घड्याळावर विश्वास ठेवला तर येतं. पण एखाद्याचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं, आणि गेममध्ये जीव मिळवायला तारीख पुढे ढकलणारेही असतात. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये दाखवून दिलं की घड्याळ न बघता, निरोपांसोबत एक वाढता आकडा फिरवूनही घटनांचा क्रम लावता येतो. आजच्या पद्धतींचा पाया तिथला आहे.

नेट आलं तरी अडकलेलं लगेच का जात नाही?

दोन कारणं. एक बॅटरीचं. अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून 'डोझ' आहे. फोन बराच वेळ नुसता पडून असला की ॲपांना अधूनमधूनच नेट वापरू दिलं जातं. काही कंपन्यांचे फोन याहून कडक असतात. आयफोनवर ॲप वर सरकवून बंद केलं की त्याचं मागचं कामही थांबतं, म्हणून मोठं अपलोड चालू असताना सगळी ॲपं झाडून टाकायची सवय आवरा.

दुसरं कारण मुद्दाम ठेवलेलं असतं. अपयश आलं की चांगलं ॲप १ सेकंद थांबतं, मग २, मग ४, मग ८, आणि त्यात थोडा यादृच्छिक फरकही मिसळतं. असं नसतं तर वीज आल्यावर सगळ्या शहराचे फोन एकाच क्षणी सर्व्हरवर आदळले असते, दादरला लोकलच्या दारात होतं तसं, आणि कुणीच आत गेलं नसतं. यादृच्छिक वेळ थांबून पुन्हा पाठवायची ही युक्ती १९७१ साली सुरू झालेल्या हवाई विद्यापीठाच्या रेडिओ नेटवर्कमधली, अलोहानेटमधली.

घाई असेल तर ॲप उघडून स्क्रीन चालू ठेवा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं.

घराबाहेर पडताना वायफाय सुटलं की कॉल का तुटतो?

माहितीची ने-आण करण्याच्या जुन्या टीसीपी पद्धतीत जोडणी तुमच्या आयपी पत्त्याला, म्हणजे नेटवर्कने फोनला दिलेल्या पत्त्याला बांधलेली असते. वायफायवरून मोबाइल डेटावर गेलात की पत्ता बदलतो आणि जोडणी मरते. मे २०२१ मध्ये प्रमाण ठरलेल्या 'क्विक' या नव्या पद्धतीत जोडणीला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे पत्ता बदलला तरी ती टिकू शकते.

ट्रेकला रेंज नसते. नकाशा चालेल का?

तुम्ही कुठे आहात हे जीपीएस सांगेल. फोन उपग्रहांना काही पाठवत नाही, सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून येणारे त्यांचे संकेत फक्त ऐकतो. नेट असलं की कोणता उपग्रह कुठे आहे ही माहिती पटकन मिळते. नसलं तर ती उपग्रहाकडूनच घ्यावी लागते, आणि तो ती सेकंदाला ५० बिट एवढ्या धिम्या गतीने सांगतो. म्हणून मोकळ्या आभाळाखाली मिनिटभर शांत उभे राहा. घळीत किंवा कड्याला चिकटून धीर सोडू नका.

नकाशाचं चित्र मात्र आधीच डाउनलोड करून ठेवावं लागतं. गूगल मॅप्सच्या ऑफलाइन भागात गाडीचा रस्ता मिळतो, पायवाटेचं मार्गदर्शन मिळत नाही. सह्याद्रीत त्यावर विसंबू नका. चढाईची वाट जीपीएक्स फाइल म्हणून दुसऱ्या ॲपमध्ये आधी घालून ठेवा.

डाउनलोड केलेला सिनेमा 'नेट जोडा' का म्हणतो?

फाइल तुमच्याकडे असते, पण ती उघडायचा परवाना ठरावीक मुदतीचा असतो. लांबच्या प्रवासाआधी घरीच एकदा ॲप उघडून घ्या.

लोकलचं तिकीट मोबाइलवर आहे. टीसी आला आणि रेंज गेली तर?

रेल्वेच्या ॲपवर काढलेलं पेपरलेस तिकीट फोनमध्येच साठवलेलं असतं, दाखवायला नेट लागत नाही. काढायला लागतं. चार्जिंग मात्र तुमची जबाबदारी.

ऑथेंटिकेटर ॲप नेटशिवाय लॉगिनसाठी दर वेळी नवा कोड कसा देतं?

सेटअपच्या वेळी स्कॅन केलेल्या क्यूआरमध्ये एक गुप्त किल्ली असते. ती किल्ली आणि चालू वेळ यांवरून फोन आणि सर्व्हर आपापल्या जागी, सहसा दर ३० सेकंदांनी, तोच कोड काढतात. कोड चुकतोय असं वाटलं तर फोनचं घड्याळ तपासा.

आम्ही ॲप बनवतो. नेट नसतानाची चाचणी कशी करावी?

एअरप्लेन मोडवर चाचणी करून समाधान मानणारे बरेच आहेत. ती सोपी परीक्षा. खरी परीक्षा विनंती गेल्यावर आणि उत्तर येण्याआधी नेट तोडण्याची. साठवण्याचं बटण दाबा, लगेच ॲप मारा, पुन्हा उघडा. सर्व्हरवर एकच नोंद हवी, दोन नाहीत आणि शून्यही नाही. त्यासाठी नोंदीचा क्रमांक फोनवरच तयार करा, सर्व्हरवर नको, म्हणजे तीच नोंद पुन्हा पोचली तर सर्व्हर ओळखेल. साठवायला वेगळं काही शोधायची गरज नाही. एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर आधीपासूनच असतो. आणि एकदा तरी ऑफिसचं वायफाय सोडून घाटातल्या एसटीत बसून ॲप वापरा.

एखादं ॲप 'ऑफलाइन चालतं' म्हणतं. विकत घेण्याआधी खात्री कशी करायची?

एअरप्लेन मोड चालू करा. एक नोंद घाला, एक जुनी बदला. फोन बंद करून पुन्हा सुरू करा आणि दोन्ही जागेवर आहेत का बघा. अजून न पाठवलेल्या नोंदींचा आकडा कुठे दिसतोय का, तेही शोधा. नसेल तर तिथेच एक गुण कापा. मग दुसऱ्या फोनवर तीच जुनी नोंद वेगळी बदला आणि पहिल्या फोनचं नेट चालू करा. दोन बदलांपैकी एक गुपचूप नाहीसा झाला तर विक्रेत्याला त्याच्यासमोरच हे करून दाखवा, आणि किमतीचं बोलणं त्यानंतर सुरू करा.